मदत हवी आहे: नाटकातल्या बनवलेल्या भाषेची वाक्यं कशी रचू?

नमस्कार मंडळी. मालवणात आम्ही काही जण मुलांची एकांकिका बसवतोय. त्यात समुद्राखालची माणसं स्वतःची भाषा बोलतात. शब्द ढीगभर जमलेत, पोरांनी बांगड्यापासून तिसऱ्यांपर्यंत सगळ्यांची बारशी केलीत. पण वाक्य करायला गेलं की घडण मराठीचीच: कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. एक काका म्हणाले, मालवणीच उलटी बोला. नको, इथले प्रेक्षक दुसऱ्या वाक्याला ओळखतील!

म्हणून क्रियापद आधी आणलं. 'सुल तोमा रिगी', म्हणजे 'पकडतो कोळी मासा'. आता कोणी कोणाला पकडलं हे फक्त क्रमावर कळतं, आणि स्टेजवर पोरं क्रम हमखास विसरणार. एस्पेरांतो या बनवलेल्या भाषेत (झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये मांडलेली) कर्माला 'न' लागतो, मग शब्द पुढेमागे झाले तरी अर्थ टिकतो. तसं 'रिगीन' करू का? की दहा वर्षांच्या पोरांना ते जड जाईल?

दुसरं, 'होडीत'मधल्या 'त'सारखं चिन्ह नामाआधी ठेवू की नंतर? अरबी, वेल्श या क्रियापद आधी येणाऱ्या भाषांत ते आधी असतं, म्हणून माझा कल तिकडे आहे.

भूतकाळाला एकच शब्द जोडणार. 'कोळ्याने मासळी पकडली'मध्ये क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, तो ताप नकोच.

नकार आणि प्रश्न मात्र अजिबात सुचत नाहीयेत. कोणी अशी भाषा बनवली असेल तर दोन-चार नमुना वाक्यं टाकाल का? तालीम रविवारपासून आहे.