वाचन शिकवताना मार्गदर्शिकेतील छापील वाक्ये कितपत पाळावीत?

प्रश्न
मी दुसरीच्या वर्गाला वाचन शिकवते. आमच्या शिक्षक-मार्गदर्शिकेत मी काय विचारायचे, मुलांनी काय उत्तर द्यायचे आणि मी शाबासकी कोणत्या शब्दांत द्यायची, हे सारे छापलेले आहे. परवा एका मुलाने ‘धागा’ हा शब्द ‘घागा’ असा वाचला. ‘ध’ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते आणि ‘घ’ची सलग असते, एवढे फळ्यावर दाखवायला दोन मिनिटे पुरली असती, पण त्या तासाच्या नोंदीत पुढचा परिच्छेद होता, वर्गात निरीक्षक बसले होते आणि मी पुढे गेले. अशा वेळी पुस्तिका बाजूला ठेवणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १
दोन मिनिटे जरूर घ्यावीत; मात्र पुस्तिकेतील क्रम सहजासहजी मोडू नये. शिक्षणतज्ज्ञ झिगफ्रिड एंगलमन यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत जी शब्दशः ठरवलेली पाठपद्धती विकसित केली, तिच्यात दिसायला सारखी अक्षरे मुद्दाम एकमेकांपासून दूर ठेवून शिकवली जात. तिथल्या ‘फॉलो थ्रू’ या गरीब मुलांसाठीच्या विविध अध्यापनपद्धती ताडून पाहणाऱ्या प्रकल्पाच्या १९७७मधील मूल्यमापनात मूलभूत कौशल्यांच्या बाबतीत ही पद्धत बहुतेक इतर पद्धतींपेक्षा सरस ठरली, जरी त्या मूल्यमापनाच्या रीतीवर पुढे बरीच टीका झाली. ‘ध’ आणि ‘घ’ किती अंतराने आणावेत, याचा विचार एकेकट्या शिक्षकाकडून रोज होईलच असे नाही. नव्या शिक्षकाला तर ही चौकट फारच उपयोगी पडते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

प्रतिसाद २
क्रमाविषयी मी सहमत आहे, संवादाविषयी नाही. वाचनाचे संशोधक गफ आणि टनमर यांनी १९८६ साली मांडल्याप्रमाणे वाचन म्हणजे लिपी उलगडणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार होय. त्यातला एक घटक शून्य असेल, तर उत्तरही शून्यच येते. पहिल्या घटकाचा क्रम छापून देता येतो. परंतु गोष्ट ऐकून मुलाला काय कळले हे त्याच्या उत्तरावरूनच उमगते, आणि त्या उत्तरावर विचारायचा पुढचा प्रश्न आधी छापणार कसा? न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजाच्या मुलांना शिकवताना सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर मुलालाच विचारत की तुला आज कोणता शब्द हवा आहे, आणि तो शब्द कार्डावर लिहून देत. असे स्वतः मागितलेले ‘भूत’सारखे शब्द मुले एका नजरेत ओळखत. (अर्थात, असे वर्ग चालवायला शिक्षकही तसाच तयारीचा लागतो.)

प्रश्नकर्तीचे उत्तर
अक्षरांचा क्रम तसाच ठेवते आणि गोष्टीवरचे प्रश्न माझे मी विचारते. जिथे पुस्तिका सोडली तिथे समासात तारीख आणि कारण लिहून ठेवीन, म्हणजे निरीक्षकांनी विचारले तर दाखवता येईल. पहिली नोंद ‘धागा’ची केली आहे. उद्या त्याच मुलाला ‘भात’ आणि ‘मात’ वाचायला देणार आहे, कारण ‘भ’ आणि ‘म’ यांतही शिरोरेषेचा तोच घोटाळा होतो.