बॉनीक्लॅबर: दही की चिखल?

एका जुन्या इंग्रजी उताऱ्याचं भाषांतर करतेय, 'बॉनीक्लॅबर'पाशी अडले. आयरिश शेतकरी ते पितात एवढंच कळतं. 'बॉनी' म्हणजे स्कॉटिश इंग्रजीत देखणं. आणि 'क्लॅबर'ला एका ठिकाणी चक्क चिखल असा अर्थ दिलाय! मराठीत काय लिहू?

—

चिखल नको पाजूस त्यांना! देखणेपणाचाही इथे संबंध नाही. मूळ आयरिश शब्द साधारण 'बन्ये क्लबर' असा. 'बन्ये' म्हणजे दूध. इंग्रजी कानांना त्यात ओळखीचं 'बॉनी' ऐकू आलं, इतकंच. 'क्लबर' म्हणजे आंबून घट्ट झालेलं दूध. आयरिशमध्ये मुख्य नाम आधी आणि षष्ठीतलं मागून येतं, म्हणजे हे 'क्लबरचं दूध'. 'क्लबर'ची षष्ठी होताना शेवटचा र तालव्य होतो आणि लिहिताना त्याच्याआधी एक जादा स्वर येतो. परक्याला तो फरक ऐकूही येत नाही.

तुझा चिखल मात्र खोटा नाही. तो 'क्लाबर', दीर्घ आ. अल्स्टरच्या (आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांताच्या) इंग्रजीत आजही चिखलाला क्लॅबर म्हणतात. इंग्रजीने दीर्घत्वाची खूण टाकून दिली आणि दूध-चिखल एका स्पेलिंगात आले. (ऱ्हस्व-दीर्घाला कंटाळणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.)

आता पदार्थ. कच्चं, न तापवलेलं दूध नुसतं ठेवून द्यायचं. त्यातल्याच जीवाणूंनी ते आंबतं आणि घट्ट होतं. पाश्चराइज्ड पिशवीच्या दुधाचं तसं होत नाही, ते नुसतं नासतं. बटाटा येण्याआधी आयरिश गरिबाचं पोट बरंचसं दूधदुभत्यावर चाले. जॉन स्टीव्हन्स या इंग्रजाने १६९०च्या सुमारास लिहून ठेवलंय की हे लोक दूध वीसेक तऱ्हांनी खातात-पितात आणि नवल म्हणजे जितकं आंबट तितकं त्यांना आवडतं. त्याआधी, १६२९च्या बेन जॉन्सनच्या नाटकातही हा शब्द आहे, तोही हेटाळणीनेच. तुझ्या उताऱ्यातही असा सूर आहे का बघ.

—

अमेरिकेत अर्धाच शब्द टिकला. दक्षिणेकडे 'क्लॅबर' नामही आहे आणि क्रियापदही. दूध क्लॅबरतं, आणि पावसाआधी आभाळही 'क्लॅबरून' येतं! क्लॅबरच्या आंबटपणात सोडा घातला की वायू सुटून पाव फुगतो. 'क्लॅबर गर्ल' बेकिंग पावडरच्या डब्यावरचं नाव त्यातलंच.

—

मग 'अदमुरं' चालेल? शब्द गोड आहे.

—

गोड आहे, पण चुकीचा. अदमुरं म्हणजे पुरतं न लागलेलं, आणि हे तर लागून आंबटढाण झालेलं. 'ताक' नको, घुसळलेलं नाही. 'विरजलेलं दूध' म्हणावं तर विरजण कुठाय? आपल्याकडे दूध आधी तापवतात, म्हणून विरजण लावावं लागतं. आपल्या शब्दांत ती कृती मुरलेलीच आहे.

—

मी नुसतं 'दही' लिहिलं असतं. वाचकाला इतका काथ्याकूट नको असतो.

—

नुसतं 'दही' लिहिलं तर माझ्या उताऱ्यातल्या इंग्रजाने नाक का मुरडलं ते कळणार नाही. मूळ शब्द तसाच ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे लिहिते, 'न लावता लागलेलं दही'.