ट्रायसोमी १८: सीपॅप, मॉर्फिन, शस्त्रक्रिया... काय कधी?

निवासी_नागपूर:
समजा, ३७ आठवड्यांचं, १.७ किलोचं बाळ, ट्रायसोमी १८ (१८ वं गुणसूत्र दोनाऐवजी तीन) असल्याचा संशय. बोटं एकावर एक चढलेली, मोठा व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र), सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र). घरचे गडचिरोलीकडचे. आजोबा म्हणतात "सगळं करा", आई म्हणते "त्याले त्रास नको". इकडे वॉर्डात पॅलिएटिव्ह (त्रास कमी करण्यावर भर देणारी काळजी) म्हटलं की "सोडून दिलं" असाच अर्थ निघतो. आखणी कशी करायची?

गुणसूत्र:
आधी निदान. नुसत्या चेहऱ्यामोहऱ्यावरून हात आखडता घेऊ नका. मोझेइक (काही पेशींतच दोष) निघालं तर गणितच बदलतं. रक्त चढवण्याआधी जांभळ्या आणि हिरव्या झाकणाच्या नळीत १-२ मिली नमुना घ्या. क्यूएफ-पीसीआर (गुणसूत्रांची झटपट चाचणी) दोन-तीन दिवसांत येतो, कॅरिओटाइपला (पेशी वाढवून सगळी गुणसूत्रं पाहणं) आठवडा-दोन आठवडे. हिरवी नळी डीप फ्रीजरमध्ये गेली की पेशी मरतात आणि कल्चर वाढत नाही; ही चूक रात्रपाळीत हमखास होते. क्यूएफ-पीसीआर आला म्हणून कॅरिओटाइप टाळू नका. ट्रान्सलोकेशन (गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडलेला) असेल तर पुढच्या गरोदरपणाआधी आईबापांचीही तपासणी लागते.

आणि सगळे आजार एकाच तराजूत नकोत. एसएमए टाइप १ ला (स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार) आता औषध आहे, तिथे दिवस मोजून धावायचं. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात ५० लाखांपर्यंत मदत आहे. आपल्या राज्यात त्यासाठी मुंबईचं केईएम.

नवजात_तज्ज्ञ:
ट्रायसोमी १८ ची साधारण दहातली नऊ बाळं वर्ष गाठत नाहीत. पण एखादं गाठतं, म्हणून "जगतच नाही" हे वाक्य वापरू नका. सीपॅप मुदत ठरवून द्या: ७२ तास, कशासाठी ते लिहून, आणि काय दिसलं तर पुढे वाढवायचं नाही तेही लिहून. यांचा अॅप्निया (श्वास मध्येच थांबणं) बऱ्याचदा मेंदूतून येतो. व्हेंटिलेटर तेवढे दिवस श्वास देतो, मूळ कारण तसंच राहतं. हृदयाच्या शस्त्रक्रियेचा विचार बाळ स्थिरावल्यावर आणि तपासणीचं निदान हातात आल्यावर.

डीएनएआर (हृदय थांबलं तर पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न नको, असा लेखी निर्णय) म्हणजे फक्त सीपीआर करायचा नाही, एवढंच. दूध, अँटिबायोटिक, लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) चालूच राहतं. हे वॉर्डात दहादा सांगावं लागतं. चालू व्हेंटिलेटर काढायचा असेल तर सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी २०२३ च्या आदेशाप्रमाणे दोन वैद्यकीय मंडळं आणि मॅजिस्ट्रेटला कळवणं. हे टाळायला "डामा" (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) लिहून घरी धाडणं सर्वांत वाईट: बाळ दुधाची नळी, औषध, फोन नंबर काहीच न घेता निघतं.

सिस्टर_एनआयसीयू:
घरी जाण्याआधी नाकातून पोटात जाणारी दुधाची नळी आईकडून घालून घ्या, निदान तीनदा. जाडी ५ किंवा ६ फ्रेंच. माप नाकापासून कानापर्यंत, तिथून छातीच्या हाडाचं खालचं टोक आणि बेंबी यांच्या मध्यापर्यंत. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा कमी आला (म्हणजे नळी पोटात आहे) तरच दूध. दूध सिरिंजमधून, उंचीवरून आपोआप उतरू द्या, पिस्टन दाबला की उलटी आणि ठसका. काढलेलं दूध चार तास टिकतं हे २५ अंशांना धरून सांगितलेलं असतं. नागपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात दर वेळी ताजंच काढायचं.

सुई टोचण्याआधी दोन मिनिटं २४ टक्के सुक्रोज (साखरेचं पाणी) ०.२-०.५ मिली जिभेवर, वेदना कमी व्हायला. मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं औषध) साध्या मेडिकलवर मिळत नाही, मान्यताप्राप्त संस्थाच ठेवतात. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी जवळच्या रुग्णालयाला फोन करून साठा विचारा.

नवजात_तज्ज्ञ:
सही आईबापांची, आजोबांची नाही. पण त्यांना बैठकीत बसवाच. आणि आराखडा एका पानात, मराठीत. तो घरात नसला तर रात्री श्वास अडकला की १०८ बोलावतात आणि ठरलेलं सगळं वाटेतच मोडतं.