वॉटेज वाढवलं की जळकी चव का येते?

प्रश्न: आधीच्या वेप पेनला (ई-सिगारेट) नुसतं एक बटण होतं, आता वॉटेज कमीजास्त करता येतं असं डिव्हाइस घेतलंय. कॉइल (लिक्विड तापवणारी तार) 1 ओहमची. 12 वॉटवर चव मस्त पण वाफ कमी, 20 वर नेलं की दोन-तीन झुरक्यांतच करपल्यासारखं लागतं आणि जाम खोकला येतो. बॅटरी खराब आहे का?

रिप्लाय: बॅटरी नाही रे, 1 ओहमला 20 वॉट म्हणजे जवळपास 4.5 व्होल्ट झाले, कॉइलच्या कापसातलं लिक्विड उडून जातं आणि नवीन पोचायच्या आत कापूस करपतो. कॉइलवर बारीक अक्षरात वॉटची रेंज असते ती बघ. करपलेली कॉइल बदलावीच लागते, नवी टाकलीस की 10 मिनिटं भिजू दे मग एकेक वॉट वर जा.

रिप्लाय: साध्या पेनमध्ये सेल फुल असताना 4.2 व्होल्ट आणि उतरत आला की 3.3, म्हणजे याच कॉइलवर 17.6 वॉटवरून 10.9, म्हणून शेवटी शेवटी मिळमिळीत लागायचं. आता सर्किट वॉटेज धरून ठेवतं, मला तर हाच खरा फायदा वाटतो.

रिप्लाय: वाफ वाढली की निकोटीनपण जास्त जातं हे विसरू नको, आणि जळका झुरका तर अजिबात ओढू नको, लिक्विड अति तापलं की फॉर्मल्डिहाइड हे विषारी रसायन तयार होतं.

प्रश्नकर्ता: बघितलं, 10 ते 14 लिहिलंय! कापूस पार काळा झालाय, आजच बदलतो.