एकच मोबाइल, मोठा वर्ग आणि चित्रकलेचा तास

प्रश्न – कलाशिक्षिका, आठवी-नववी

आमच्या शाळेत एक प्रोजेक्टर आहे आणि माझा स्वतःचा मोबाइल आहे. चित्रकलेच्या तासाला आजवर या साधनांचा उपयोग नमुनाचित्रे दाखवण्यापुरताच झाला. त्याचा परिणाम असा, की मुले पडद्यावरचे चित्र जसेच्या तसे उतरवतात आणि आमच्या शिवारात कोणी कधी न पाहिलेले झाड प्रत्येकाच्या कागदावर उगवते. यातील काही मुले इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसणार असल्याने त्यांचा हात चालता राहिलाच पाहिजे. तंत्रज्ञानामुळे मुले अधिक बारकाईने पाहू लागतील आणि स्वतःचे काही रचतील, असे उपक्रम कोणी केले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – सिंधुदुर्गकर

मॅडम, एक मोबाइल पुरेसा आहे. आम्ही स्टॉप मोशन करतो, म्हणजे कागदी आकृती किंचित हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची; मग सगळे फोटो भराभर सलग दाखवले की आकृती हलताना दिसते. सेकंदाला १२ फोटो धरले तर दहा सेकंदांच्या हालचालीला १२० फोटो लागतात, त्यामुळे पाच-सहा जणांचा गट करून कोणी आकृती हलवायची, कोणी फोटो काढायचा आणि कोणी नोंद ठेवायची, हे आधीच ठरवून द्यावे.

आमच्याकडे कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजाची चित्रकथीची (चित्रे दाखवत कथा सांगण्याची) आणि चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा असल्याने, सुट्या अवयवांची बाहुली मुलांना परकी वाटत नाही. कार्डशीटवर हात, दंड, मान वेगवेगळे काढून, रंगवून, कापून सांध्यांत दोरा ओवून गाठ मारली की आकृती तयार होते. खरे शिक्षण त्यानंतर घडते. घागर उचलणारी बाई हलवताना एका मुलीच्या लक्षात आले, की नुसता हात वर नेला तर घागर हवेत तरंगल्यासारखी दिसते. आधी कंबर वाकली पाहिजे, खांदा खाली आला पाहिजे. ती उठून स्वतः दप्तर उचलून पाहू लागली आणि मग तिने कमरेपाशी नवा सांधा केला. शरीराचा भार कुठे पडतो, हे मी फळ्यावर कितीही वेळा काढून दाखवले असते तरी तिला इतके पक्के समजले नसते.

मोबाइल दोन बाकांवर आडव्या ठेवलेल्या फळीच्या कडेला, कॅमेऱ्याचे तोंड खाली राहील असा घट्ट बांधावा. ढगांबरोबर खिडकीचा उजेड बदलतो आणि चित्रफीत लुकलुकते, म्हणून पडदे ओढून एकाच दिव्याखाली काम करावे आणि फोकस व एक्स्पोजर (फोटोतील उजेडाचे प्रमाण) लॉक करावे.

मुलांना दादासाहेब फाळक्यांविषयीही जरूर सांगा. जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या माणसाने १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका फ्रेमने टिपली आणि तीच दाखवून चित्रपटासाठी भांडवल मिळवले.

उत्तर – निवृत्त कलाशिक्षक

वरील उपक्रम उत्तम आहे, मात्र वस्तुचित्रासाठी मोबाइल जपून वापरावा असे माझे ठाम मत आहे. अगदी जवळून काढलेल्या फोटोत तांब्याचे तोंड वाजवीपेक्षा मोठे दिसते आणि त्यावरून काढलेले लंबवर्तुळ चुकते. वस्तू समोर ठेवूनच रेखाटन करावे. छायाप्रकाश कळत नसेल तर त्याच वस्तूचा कृष्णधवल फोटो प्रोजेक्टरवर दाखवावा, कारण पिवळा लिंबू आणि निळा कपडा यांपैकी गडद कोण, हे रंग नाहीसे झाल्यावर लगेच उमगते.

उत्तर – संगणक कक्ष सांभाळणारी शिक्षिका

संकल्पचित्रासाठी, म्हणजे आकृत्यांच्या नक्षीदार मांडणीसाठी, क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहावे. मुलाने हाताने काढलेल्या पानाचा किंवा माशाचा फोटो त्यात घेऊन आरशाप्रमाणे उलटवता येतो, फिरवता येतो, पुन्हा पुन्हा मांडता येतो. आकृत्यांमधली रिकामी जागा कुठे बोचते ते चटकन दिसते. अट एवढीच ठेवावी, की मूळ आकृती स्वतःची असावी आणि निवडलेली मांडणी शेवटी पोस्टर कलरने कागदावर रंगवावी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सुरुवात सांध्यांच्या आकृतीने करीन. चित्रफीत पालकांच्या गटावर पाठवताना काही पथ्य पाळावे का?

सिंधुदुर्गकर

आम्ही पालकांची लेखी संमती घेतो आणि चित्रफितीत मुलांचे चेहरे येऊ देत नाही. संगीतही तयार उचलत नाही. मुले टाळ, करवंट्या आणि स्वतःचे आवाज वर्गातच ध्वनिमुद्रित करतात.