कोयोटीसाठी रायफल घेतोय, बॅरल किती इंची घेऊ? 16, 20 की 24?

माणदेशी_ऑस्टिन

नमस्कार मंडळी. ऑस्टिनच्या पश्चिमेला ब्लँको काउंटीत आमची 14 एकर जागा आहे, अ‍ॅग व्हॅल्युएशन (शेतजमीन म्हणून कमी कर) टिकवायला म्हणून बोअर शेळ्या पाळल्या, आता लहानमोठ्या मिळून 22 आहेत. (प्रॉपर्टी टॅक्स वाचवायला शेळ्या घेतल्या आणि आता शेळ्यांचाच खर्च जास्त होतोय, पण तो विषय वेगळा.) मागच्या महिन्यात कोयोटीने (इथला कोल्ह्या-लांडग्यासारखा प्राणी) दोन करडं नेली, तिसरं अर्धवट खाल्लेलं कुंपणापाशी सापडलं. माझे आजोबा माण तालुक्यात मेंढरं राखायचे, रात्री वाघर लावायची, दोन कुत्री आणि हातात काठी, एवढ्यावर लांडग्याला तोंड दिलं त्यांनी. आणि मी आयटीवाला इथे टॉर्च घेऊन पायजम्यावर पळतोय.

तर रायफल घ्यायची ठरवलंय. ग्रीन कार्ड आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्सही झालाय. शेजारी सत्तरीचे आजोबा आहेत, ते म्हणतात .22-250 (हे काडतुसाचं माप) घे आणि 24 इंची बॅरलच (नळी) घे, आखूड बॅरल म्हणजे खेळणं. दुकानातला पोरगा म्हणतो 16 इंची एआर (आपोआप पुढची गोळी भरणारी रायफल) घे आणि मोकळा हो. मी गोळ्यांच्या वेगाची टेबलं वाचून वाचून कन्फ्यूज झालोय. जागेवर सीडर आणि मेस्किटच्या झाडांची गर्दी आहे, सगळ्यात लांब नजर जाते ती तळ्याच्या बांधापर्यंत, 160 यार्ड मोजलंय. गोळी मारायची ती पोर्चवरून नाहीतर त्या छोट्या साइड-बाय-साइड गाडीतून. बॅरल जेवढी लांब तेवढा नेम चांगला, हे खरं का?

वाऱ्यावरची_वरात (नेब्रास्का)

शेवटचा प्रश्न आधी घेतो. नाही, खरं नाही. लांबीने वेग वाढतो, नेम नाही. उलट सारख्याच जाडीच्या दोन नळ्या घेतल्या तर आखूड नळी जास्त ताठ असते, कमी थरथरते. लांब बॅरलने नेम चांगला लागतो हा समज उघड्या माशीचा (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण), म्हणजे स्कोप (दुर्बीण) नव्हते तेव्हाचा आहे, पुढची माशी डोळ्यापासून जेवढी लांब तेवढी नजर बारीक लागायची. स्कोप आला आणि तो मुद्दा संपला.

आता वेगाचं. .223 या काडतुसात 55 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी, डब्यावर जो आकडा असतो सेकंदाला 3240 फूट तो 24 इंची टेस्ट बॅरलचा असतो. एक इंच कमी केला की साधारण 25-30 फूट जातात, गोळीगोळीवर अवलंबून. म्हणजे 16 इंचीला तीन हजाराच्या आसपास धरा. ऐकायला मोठं वाटतं पण 200 यार्डवर झीरो केलं, म्हणजे तिथे नेम जुळवून ठेवला, तर 300 यार्डला दोन्हींच्या गोळ्या खाली पडण्यात फरक दीडेक इंचाचा. तुमच्या 160 यार्डला तर कोयोटीला कळणारसुद्धा नाही त्याला 16 ने मारलं का 24 ने.

.22-250 चं गणित वेगळं आहे, तिथे तुमचे शेजारी चुकीचं बोलत नाहीयेत. ते काडतूस पोटाने मोठं, बारूद जास्त, ती सगळी नीट जळायला नळीची लांबी लागते. 24 इंचीतून तीच 55 ग्रेनची गोळी 3680 ने जाते. ते आखूड करून 16 इंची केलं तर वेग तर भरपूर जातोच वर तोंडाशी जाळ आणि असा दणका की पोर्चवर उभं राहून मारलंत तर घरातली भांडी वाजतील. मी स्वतः 24 इंची .22-250 वापरतो, पण मी इथे मक्याच्या मोकळ्या शेतात, कापणीनंतर 300-350 यार्डवर बसलेला असतो आणि वारा कधी थांबतच नाही. ताशी 10 मैलांच्या आडव्या वाऱ्यात .223 ची 55 ग्रेन गोळी 200 यार्डला चारेक इंच सरकते आणि 300 ला नऊच्या पुढे, कोयोटीच्या छातीचा कामाचा भाग चार-पाच इंचांचा, केसांमुळे तो मोठा दिसतो एवढंच. तिथे मला वेग हवा. तुम्हाला कशाला?

शेळीवाली

मी फ्रेडरिक्सबर्गकडे आहे, 40 शेळ्या. रायफल घ्या, नको कोण म्हणतंय, पण दादा आधी कुत्रं घ्या. ग्रेट पायरेनीज किंवा अ‍ॅनाटोलियन, शेळ्यांतच वाढलेलं. मी पहिल्या वर्षी रायफलवरच होते, एक कोयोटी मारला की पंधरा दिवसांत त्या जागेवर दुसरा हजर. आणि ते येतात पहाटे चार वाजता, तुम्ही तेव्हा पोर्चवर असणार आहात का रोज, स्टँडअप मीटिंग नऊला असताना? विणारी शेळी रात्री आत घ्या, विजेची जाळी लावा, आजोबांची वाघरच ती, फक्त सोलरवर चालणारी.

रिटायर्ड_कारपेंटर (सॅन अँटोनियो)

कुत्र्याचा मुद्दा बरोबर. पण प्रश्न बॅरलचा आहे तर बोलतो, चाळीस वर्षं लाकूड मोजलंय त्यामुळे मला सगळं मोजूनच कळतं.

इंची बघताना लोक फक्त बॅरल बघतात, आख्खी रायफल बघत नाहीत. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये (प्रत्येक गोळी हाताने बोल्ट ओढून भरायची ती रायफल) 24 इंची बॅरल म्हणजे पूर्ण रायफल 43-44 इंच. 20 इंची म्हणजे 40 च्या आसपास. 16 इंची म्हणजे 36. आता पुढे सप्रेसर (आवाज दाबणारी नळी) लावलात, आणि लावाच, कारण कान एकदा गेले की परत येत नाहीत आणि शेळ्याही बिथरत नाहीत, तर तो सहा ते आठ इंचांचा असतो. म्हणजे 16 अधिक सप्रेसर हे शेजाऱ्याच्या 24 इंचीएवढंच लांब झालं! आणि 24 ला सप्रेसर लावलात तर 50 इंचांचा बांबू झाला, तो साइड-बाय-साइडमधून बाहेर काढेपर्यंत कोयोटी पुढच्या काउंटीत. 2026 पासून सप्रेसरवरचा 200 डॉलरचा कर शून्य झालाय, पण फॉर्म, बोटांचे ठसे, मंजुरी हे सगळं अजून आहेच, लोकांना वाटतं आता चिप्सच्या पाकिटासारखा मिळतो, तसं नाहीये.

16 च्या खाली जायचा मोह करू नका. 16 इंचांच्या आत बॅरल गेली की ती 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टखाली शॉर्ट बॅरल रायफल होते, रजिस्टर न करता ठेवली तर फेडरल गुन्हा. आणि मोजतात कसं तर बोल्ट बंद करून तोंडातून सळई घालायची, बोल्टला टेकली की तिथपासून नळीच्या टोकापर्यंत. आट्यांवर फिरवून लावलेला ब्रेक (धक्का कमी करायला टोकाला लावतात तो) धरत नाहीत, वेल्ड वगैरे करून कायमचा पक्का जोडलेला असेल तरच धरतात. म्हणून कंपन्या 16 वर थोडं जास्तच ठेवतात.

अजून एक, लांबीपेक्षा नळीतल्या, गोळीला गरगर फिरवणाऱ्या आट्यांचा पीळ बघा. 12 इंचात एक फेरा असेल तर 55 ग्रेनपर्यंत मस्त, पण उद्या वाऱ्यासाठी 69 किंवा 75 ग्रेन वापरावीशी वाटली तर ती नळी त्यांना नीट फिरवणार नाही. 8 इंचात एक फेरा घ्या, हलक्या-जड दोन्ही गोळ्या चालतात. हे दुकानातला पोरगा सांगणार नाही.

उसातला_कोल्हा (कराड)

आमच्याकडे उसाच्या फडात कोल्हे रोज ओरडतात, कोंबड्या नेतात, आमच्याकडे कुठली बॅरल चालेल? 😄

वाऱ्यावरची_वरात

@उसातला_कोल्हा तुमच्याकडे तुरुंगाची बॅरॅक चालेल. 1972 चा वन्यजीव कायदा आहे भाऊ, खुराड्याला जाळी लावा आणि झोपा.

एच१बी_पीडित

एक प्रश्न मध्येच, मी ऑस्टिनलाच आहे, एच-वनवर. मी यांच्यासोबत रेंजवर जाऊन मारून बघू शकतो का?

रिटायर्ड_कारपेंटर

सहज म्हणून नाही. नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या, एच-वनसारख्या) व्हिसावर बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं फेडरल कायद्यात मना आहे, हातात घेणंसुद्धा त्यात येऊ शकतं. अपवाद आहे, तुमच्याकडे कुठल्यातरी राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर. आधी लायसन्स काढा, मग वकिलाला विचारा, आणि मगच हात लावा. व्हिसाच्या फाइलमध्ये नसता डाग कशाला.

आणि @माणदेशी_ऑस्टिन, टेक्सासमध्ये तुमची गोळी हद्द ओलांडून दुसऱ्याच्या जमिनीत गेली तर गुन्हा आहे, लेखी परवानगी असल्याशिवाय. 14 एकर म्हणजे फार नाही. तळ्याचा बांध मागे आहे ते उत्तम, त्या बांधाच्या दिशेनेच मारा, कुंपणाच्या दिशेने कधीच नाही, कितीही मोठा कोयोटी उभा असला तरी. कोयोटीला इथे बंद सीझन नाही, पण शेळ्यांवर चालून आलेला सोडून एरवी मारायचा तर हंटिंग लायसन्स काढून ठेवा.

माणदेशी_ऑस्टिन

सगळ्यांचे आभार. कारपेंटर काकांचं वाचून शनिवारी होम डेपोत गेलो, पीव्हीसीचा पाइप आणला आणि दोन तुकडे कापले, एक 43 इंचाचा, एक 47 चा. 43 म्हणजे 16 इंची आणि सप्रेसर, 47 म्हणजे 20 इंची आणि सप्रेसर. मग साइड-बाय-साइडमध्ये बसून स्टिअरिंगच्या मागून पाइप बाहेर काढायची प्रॅक्टिस केली, पोर्चच्या खांबाला टेकवून बघितलं, सीडरच्या झुडपातून चालून बघितलं. 47 वाला गाडीच्या रोलबारला तीनदा अडकला. 43 वाला एकदाही नाही. बायको खिडकीतून बघत होती, तिने व्हिडिओ काढून सासरी पाठवलाय, आता सांगलीला सगळ्यांना माहितीये जावई पाइप घेऊन कोल्ह्यामागे पळतोय.

मी .223 बोल्ट, 16 इंची, 8 इंचात एक फेरा, अशी बुक केली. शेजारच्या आजोबांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "आणि 300 यार्डला आला तर?" मी म्हणालो 300 यार्डला तुमचं गुरांचं कुंपण लागतं. तेव्हा हसले.

शेळीवाली ताई, मार्चमध्ये पाच शेळ्या विणार आहेत. जाळी ऑर्डर केलीये. कुत्र्याचं पिल्लू घेतलं तर ते शेळ्यांत कामाचं व्हायला किती महिने जातात? की मोठंच, तयार कुत्रं शोधू?

शेळीवाली

पिल्लू नको आत्ता. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत ते करडांशी खेळून खेळूनच त्यांना दमवेल, कान चावेल. तयार कुत्रं बघा, माझ्या ओळखीत एका रँचवर मादी आहे, तीन वर्षांची, मेसेज करते. तिला फक्त एक सवय आहे, रात्रभर भुंकते. लोकांना आवडत नाही, पण त्याचीच तर किंमत आहे.