निळ्या हायड्रेंजियाला गुलाबी गुच्छ का येतात?

प्रश्न: कुंडीतल्या मोठ्या पानांच्या हायड्रेंजियाला आधी गडद निळे गुच्छ होते. या बहराचे फिके गुलाबी आलेत, मधूनच जांभळट. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखताचं मिश्रण आहे, खत बोनमील (हाडांचा चुरा), पाणी क्षाराचं. लिंबूरस, व्हिनेगर घालून फरक पडला नाही. निळा रंग परत आणायला काय आणि किती घालायचं?

उत्तर १: निळा रंग देतं ते अ‍ॅल्युमिनियम, आम्लाचं काम ते विरघळवण्यापुरतं. फुलातलं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य दोन्ही रंगांत तेच असतं. अ‍ॅल्युमिनियमशी जोडलं गेलं की निळं, नाहीतर गुलाबी. मातीचा सामू (pH, जितका कमी तितकी माती आम्ल) ५.५ च्या खाली असला तर अ‍ॅल्युमिनियम मुळांना मिळतं, ६.५ च्या वर अडकून पडतं. मधल्या पट्ट्यात जांभळट. कोकोपीटमध्ये अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ नसतंच, मग व्हिनेगर विरघळवणार काय? त्यात बोनमीलमधलं स्फुरद (फॉस्फरस) असेल तेवढं अ‍ॅल्युमिनियमही बांधून ठेवतं. बोनमील आधी बंद करा.

उत्तर २: अ‍ॅल्युमिनियम सल्फेट लिटरभर पाण्यात २ ग्रॅम. आधी साध्या पाण्याने माती पूर्ण ओली करायची, मग द्रावण घालायचं. कोरड्या मातीत ओतलं तर मुळं जळतात आणि पानांच्या कडा करपतात. डोस वाढवला तरी तेच. कळ्या दिसण्याच्या बऱ्याच आधी सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने द्या. उमललेले गुच्छ आता निळे होणार नाहीत, पुढच्या बहराची वाट पाहावी लागेल. खत स्फुरद कमी, पालाश (पोटॅश) जास्त असं निवडा. आणि क्षाराचं पाणी चालू राहिलं तर सामू पुन्हा वर चढेल, सगळी मेहनत वाया. जमेल तेवढं पावसाचं पाणी वापरा.

प्रश्नकर्ता: तुरटी किंवा गंधक चालेल? गंजके खिळे पुरा असंही वाचलं.

उत्तर २: तुरटी चालते, फक्त तिच्यात अ‍ॅल्युमिनियमचं प्रमाण अ‍ॅल्युमिनियम सल्फेटपेक्षा कमी असतं. गंधकाचं आम्ल मातीतले जिवाणू करतात, त्याला महिने लागतात. शिवाय कोकोपीटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा प्रश्न तसाच राहतो. जमिनीतल्या झाडाला गंधक उत्तम. खिळ्यांतून लोह मिळेल, निळा रंग नाही.

उत्तर ३: कुंडी सिमेंटची असेल तर बदला, तिच्यातून चुना झिरपत राहतो. पांढऱ्या जातींवर यातलं काहीच करू नका, त्या निळ्या होत नाहीत. कुणाला मुद्दाम गुलाबी हवा असेल तर थोडा बागेचा चुना घालून सामू ६.५ पर्यंतच न्या. त्यापुढे लोह अडकतं, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.